डावा कौल

मी ज्या नळाचा पहिल्यांदा हेवा केला, तो नळ मीच बसवून घेतला होता.

आमच्या कंपनीच्या कुंपणापासून जवळच्या एका गावात घरोघर नळ देण्याचं काम पूर्ण झालं होतं आणि लोकांना कसं वाटतंय ते विचारायला मी गेलो होतो. एका अंगणात माझ्याच वयाची एक बाई बादली भरत होती.

"काय ताई, पाणी येतं ना व्यवस्थित?"

"येतं तर. पण साहेब, हा नळ तेवढा पलीकडं हलवून द्या. भरताना तुळशीवर शितोडे उडतात."

मी हसलो, बघतो म्हणालो आणि गाडीत येऊन बसलो. कान तापले होते. इथून दीड तासाच्या रस्त्यावर, डोंगराकडे, आमची वाडी आहे. त्याच वेळी तिथे माझी वहिनी पऱ्यातून हंडा घेऊन वर चढत असणार. पऱ्या म्हणजे आमचा ओढा. शिमगा सरला की तो आटतो. मग त्याच्या पोटात खड्डा खणायचा, त्यात झिरपेल तेवढं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरायचं. माझ्या आईने ते केलं, आता वहिनी करते. आणि इथे हिच्या तुळशीवर शितोडे उडतात!

त्या बाईचं काही चुकलं नव्हतं. तुळशीला उष्टं-खरकटं पाणी लागू नये असं कुठल्याही बाईला वाटणारच. हे मला तेव्हाही कळत होतं. पण ते कळून आतली आग काही विझली नाही. नळ हलवून द्यायला मी मुद्दाम दोन महिने लावले.

मी रत्नागिरीत राहतो. कंपनीच्या सामाजिक कामांच्या विभागात आहे, आता त्या विभागाचा प्रमुखच. नफ्यातला काही वाटा लोकांसाठी खर्च करायचा असा कायदा आहे, आणि तो कुठे, कसा खर्च करायचा ते सुचवण्याचा पगार मला मिळतो. शाळांना बाकडी दिली, मिरकरवाड्याला बंदरातला कचरा उचलायची सोय केली, झरे साफ करून पाणी खाली आणलं. माझ्या टेबलामागे भिंतीवर एक नकाशा आहे. कारखान्याभोवती त्यावर हिरवी रेघ मारलेली आहे. रेघेच्या आतल्या गावांना 'कार्यक्षेत्र' म्हणतात. कारखान्याचा धूर, ट्रक, गोंगाट यांचा त्रास त्या गावांना होतो, म्हणून आधी त्यांचं भलं. यात अन्याय काही नाही. मीच नव्या मुलांना हे समजावून सांगतो. आमची वाडी त्या रेघेच्या बाहेर आहे. नुसती बाहेर नव्हे, नकाशाच्याच बाहेर. भिंतीवर ती जिथे यायला हवी, तिथे पंख्याचं बटण आहे.

गणपतीत घरी गेलो की दादा सुरू होतो. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. भात लावतो, पाच-पंचवीस कलमं सांभाळतो आणि मला टोचायची एक संधी सोडत नाही.

"हा बघा आला जगाचा पाणक्या! साऱ्या गावांना पाणी पाजतो, आणि ह्याच्या घरात कळशी उपडी!"

मुंबईहून आलेले चाकरमानी हसतात. मीही हसतो. एकदा मी त्यांना गावं दत्तक घेण्याबद्दल सांगत होतो, तेव्हा वहिनी मोदकाची पारी वळता वळता म्हणाली, "भावजी, तुमच्या कंपनीला विचारा की, आमाला घेता का दत्तक? का आमी अनाथ नाय म्हणून घेत नायत?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, हे सगळ्यात वाईट. दादाचा टोमणा मी उडवून लावू शकतो. पण वहिनीच्या डोक्यावर मधोमध केस विरळ झालेत, चुंबळ ठेवायच्या जागी. ते मी जेवायला वाढून घेताना बघतो आणि मान खाली घालतो.

कंपनीकडे आमच्या वाडीचं नाव मी कधी काढलं नाही. त्याला कारण होतं. आमच्याच विभागातल्या एकाने मागे कधीतरी सासरवाडीची शाळा रंगवून घेतली होती. शाळेला रंग हवाच होता, काम चोख झालं होतं, पण कँटीनमध्ये तो दिसला की कोणीतरी म्हणायचं, "काय, सासऱ्याच्या भिंतीला दुसरा हात कधी?" त्याची बदली होईपर्यंत ते थांबलं नाही. आपल्या पोळीवर तूप ओढणारा, असं माझ्याबद्दल कोणी बोललं असतं तर मला सहन झालं नसतं. मला चांगला माणूस म्हणवून घ्यायचं होतं आणि वाडीला पाणीही हवं होतं. दोन्ही जमेना, तेव्हा मी ज्यांना पाणी मिळत होतं त्यांच्यावर जळत राहिलो. ते बिनबोभाट करता येतं.

यंदा मात्र दार किलकिलं झालं.

हिरव्या रेघेच्या अगदी कडेला, सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, उतरणीवर एक वाडी आहे. वर कातळाच्या पोटातून बारमाही झरा वाहतो आणि त्याच्या खाली, बऱ्याच उतारावर घरं. पंप नको, वीज नको. झऱ्याशी टाकी बांधायची आणि पाईपने पाणी आपोआप खाली येऊ द्यायचं. सगळं मंजूर झालं. काळ्या पाईपांची भेंडोळी देवळाच्या ओट्यावर येऊन पडली. आणि वाडी अडली. झरा देवाचा. त्याला हात लावायचा तर ग्रामदेवतेचा कौल घ्यायला हवा. मग आज गुरवाला सोयर आलं, उद्या मानकरी मुंबईला, असं करत जानेवारी संपला.

मुंबईच्या ऑफिसातल्या मॅडम माझ्या वरिष्ठ. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान, पण बोलणं सरळ. त्यांचा फोन आला.

"मार्च संपायच्या आत काम सुरू झालं नाही तर ते गाव सोडून देऊ. पाईप तर पडलेलेच आहेत. तसाच उतार असलेलं दुसरं एखादं गाव तुमच्या पाहण्यात असेल तर सुचवा. कार्यक्षेत्राच्या बाहेरचं असलं तरी यंदा एका गावापुरतं मी वरती बोलून घेईन. आहे का कुठलं?"

आमच्या वाडीच्या वरही तसाच बारमाही झरा आहे, पण भरला हंडा घेऊन उतरता येणार नाही अशा अवघड चढावर. दादा आणि मी लहानपणी तिथे खेकडे पकडायचो. तोच उतार, तसाच कातळ. नाव जिभेवर आलं होतं.

"बघतो," मी म्हणालो.

गिळलं मी ते नाव. कारण मला एक सोपी वाट दिसली होती. ती वाडी आपणहून नाही म्हणाली तर? मग पाईप रिकामेच. मग मॅडम पुन्हा विचारतील, मी जरा आढेवेढे घेईन, आणि आमच्या वाडीला पाणी मिळेल. मी मागितलं असं होणार नाही. मिळालं असं होईल.

कौलाच्या दिवशी सकाळी मला निरोप आला की कंपनीचा माणूस देवळात हजर हवा. मी गेलो. कौलारू देऊळ, शेणाने सारवलेली जमीन, आत काळ्या पाषाणाची देवी. वाडी सगळी जमली होती. गुरव साठीचा, अंगावर उपरणं आणि मनगटाला मोबाईलची पिशवी. त्याने माझ्या हातून विडा आणि नारळ ठेवून घेतला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. नुसता आवाज चढला आणि तो वेगळाच माणूस झाला.

"बा देवी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी एका आवाजात.

"आज ही तुजी लेकरा तुज्या पायाकडे जमा झाली हायेत..."

"व्हय म्हाराजा!"

"तुज्या झऱ्याचा पाणी वाडीत यावा, म्हणून ह्या परगावच्या लेकरानं लय धावपळ केलान हाय..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकराच्या मनात जी काय इच्छा आसंल, ती तू पुरी कर..."

"व्हय म्हाराजा!"

माझ्या मनात काय होतं ते मला माहीत होतं, आणि चाळीस-पन्नास माणसं ते पुरं होण्यासाठी हात जोडून ओरडत होती.

गुरवाने ओल्या पाकळ्या देवीच्या उजव्या आणि डाव्या खांद्याला चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवळात माश्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मी हात जोडून, डोळे मिटून उभा राहिलो, आणि म्हणालो, डावी. मनातल्या मनात, पण अगदी स्पष्ट. देवी, डावी पाड. यांचं काय, हे रेघेच्या आत आहेत, यांना आज ना उद्या मिळेलच. आम्हाला कोण देणार आहे? डावी.

डोळे उघडले तर गुरव वाकून जमिनीकडे बघत होता.

"डावा दिलान," तो हळू आवाजात म्हणाला.

मला आनंद झाला. तो झाला नाही असं लिहायची फार इच्छा आहे, पण झाला, पोटातून उकळी फुटावी तसा. पुढच्या क्षणी समोरच्या बायका दिसल्या. कोणी रडलं-ओरडलं नाही. एकीने कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. दुसरी नुसती खाली बसली. वाऱ्याने पडली असेल पाकळी, मी स्वतःला सांगत होतो. देऊळ तिन्ही बाजूंनी उघडं, वारा येणारच.

डावा कौल आला की तिथेच उठून जायचं नसतं, हे मी विसरलो होतो. आमच्याकडेही असंच असतं. गुरव वाडीकडे वळला.

"कुणाच्या मनात काय आडकाठी आसंल, तर आताच देवीम्होरं बोला. मागाहून चालायचा नाय."

एक माणूस खाकरला. "टाकी माज्या जाग्यात यावी असा माज्या मनात व्हता. ती वर गेली म्हणून मी नाराज हाय. होतो. आता नाय." त्याच्यामागे एक तरणी बाई म्हणाली की, पाईप आपल्या अंगणातून नेऊ देणार नाही असं ती जावेला बोलली होती, ते ती मागे घेते. जाऊ तिथेच होती. "घरात मागं घेतलंस तर खरा!" ती म्हणाली, आणि जरा हशा झाला.

मग खांबाला टेकून बसलेली एक म्हातारी उठली. तिला सगळे काकी म्हणत. तिचं घर झऱ्याच्या वाटेवर, वाडीच्या टोकाला.

"माजा सांगते," काकी म्हणाली. "मना नळ नको व्हता."

"काकी! काय बोलतंस?"

"खरा तेच बोलते. पाण्याला जाताना-येताना साऱ्या बाया माज्या पडवीत हंडा टेकतात. दोन गोष्टी बोलतात, पान खातात. नळ आला की माज्याकडं कोण कुत्रा तरी येल काय? मी आत्ताच देवीला बोलले, डावा दे म्हणून."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. त्या देवळात डावा मागणारे आम्ही दोघं होतो.

मला वाटलं, आता हिला फाडून खातील. पण एक बाई मोठ्यांदा हसली. "अगो काकी, पाण्याचा त्रास संपला तर आमी तुज्याकडं चाय प्यायलाच येऊ! दूध तेवढा आणून ठेव." दुसरी म्हणाली, "पान पण ठेव, सुपारी कातरून." आणि काकी डोळे पुसत, हसत खाली बसली. संपलं. एवढंच होतं ते. मोठ्याने बोलली आणि मोकळी झाली.

त्या दिवशी मी ज्याचा सगळ्यात जास्त हेवा केला, तो झरा नव्हे, पाईप नव्हे, नळ नव्हे. त्या म्हातारीचा केला.

गुरवाची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "सायबांनू, तुमचा काय?"

मी तोंड उघडायच्या आत मागून कोणीतरी म्हणालं, "त्यांचा काय असणार? त्यांनीच तर आणलान हा सगळा!"

"माझं काही नाही," मी म्हणालो.

पुन्हा पाकळ्या लावल्या. या वेळी मी काहीच मागितलं नाही. उजवी मागायचा प्रयत्न केला, पण तो शब्द मनात उमटेना, म्हणून गप्प राहिलो. उजवी लगेच पडली. देवळात एकच गलका झाला. कोणीतरी माझ्या हातात प्रसादाचा नारळ दिला आणि काकीने माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

काम मार्चमध्ये सुरू झालं. मी रोज गेलो. टाकीचं माप, पाईपांचे जोड, सगळं स्वतः बघितलं. लोक म्हणायचे, साहेब फारच मनावर घेतात. मनावर घेतलंच होतं, पण ते प्रायश्चित्त होतं. आणि तेही पूर्ण प्रामाणिक नव्हतं, कारण प्रत्येक जोडाला मला वाटायचं, हा आमचा होता.

मे महिन्यात पाणी सोडलं. नळ आधी खोकला, थोडं तांबडं पाणी आलं, मग स्वच्छ. पहिला तांब्या त्यांनी माझ्या हातात दिला. पाणी थंड होतं आणि गोड होतं. खारट लागलं असतं, मचूळ लागलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. मी रिकाम्या बाटलीत ते पाणी भरून घेतलं. कशासाठी, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी आमच्या वाडीवर गेलो. वहिनी नुकतीच पऱ्यावरून आली होती आणि पडवीत पाय पसरून बसली होती. दादा झोपाळ्यावर. मी बाटली पुढे केली.

"हे काय? औषध?" दादाने विचारलं.

"पाणी आहे. त्या सड्याखालच्या वाडीतलं."

वहिनीने ओंजळीत घेऊन चाखलं. "गोड हाय," ती म्हणाली. "आपल्या वरच्या झऱ्यासारखा."

मग मी सगळं सांगितलं. तुळशीवरच्या शितोड्यांपासून देवळापर्यंत. मॅडमनी विचारलं होतं आणि मी बघतो म्हणालो होतो, तेही. डावी मागितली, तेही. दादा झोपाळा थांबवून ऐकत होता. मला वाटलं, वहिनी म्हणेल, जाऊ दे भावजी, तुमचा तरी काय दोष. ती तसं म्हणाली नाही. तिचा चेहरा आवळला गेला.

"देवीकडं मागितलात, दुसऱ्याचा घेऊन आमाला दे म्हणून. आणि त्या बाई सोताहून विचारत व्हत्या, तेवा तोंडाला काय झाला व्हता?"

"लोक काय म्हणतील, असं वाटलं."

"माज्या टाळूकडं बघताव ना जेवताना? मना कळत नाय वाटता? नुसता बघून काय होणार? मागायचात तरी मोठ्यानं."

एवढ्या वर्षांत ती माझ्याशी अशी बोलली नव्हती. दादाही टोमणा विसरला. मी खिशातून फोन काढला आणि रविवार आहे हे माहीत असूनही मॅडमना लावला. वाडीत फोन फक्त पडवीच्या टोकाला लागतो, म्हणून तिथेच उभा राहिलो. बोलणं दोघांना ऐकू जात होतं.

"मॅडम, एक गाव सुचवायचंय. उतार आहे, बारमाही झरा आहे. कार्यक्षेत्राबाहेर आहे." मग श्वास घेऊन म्हणालो, "माझं स्वतःचं गाव आहे. माझी वहिनी तिथे वाटीने पाणी भरते."

त्या म्हणाल्या, "अहो, मग हे फेब्रुवारीत का नाही बोललात? मी तर विचारलं होतं."

"चुकलं माझं."

"यंदाची मुभा गेली. पुढच्या वर्षी बोलून बघते, शब्द देत नाही. पाहणीला मी दुसऱ्या कोणाला तरी पाठवीन. तुम्ही त्यात पडायचं नाही, आणि तुमचं गाव आहे हे मी वर आधीच सांगणार. चालेल?"

"चालेल," मी म्हणालो. उद्या कँटीनमध्ये काय ऐकावं लागेल ते मला आत्ताच ऐकू येत होतं.

फोन ठेवला तर झोपाळ्यावरून दादाचा आवाज आला, गुरवासारखा लांबवलेला. "व्हय म्हाराजा!"

वहिनी हसली नाही. संध्याकाळची दुसरी खेप बाकी होती. तिने चुंबळ डोक्यावर ठेवली, हंडा घेतला. मी कळशी उचलली. "तुमी सांडाल," ती म्हणाली, पण अडवलं नाही. पायवाटेला लागल्यावर, मागे न बघता, ती म्हणाली, "आणि आला नळ, तर तुळशीच्या बाजूला नको हां. त्या बाईचा काय चुकला नव्हता."

येताना कळशी अर्धी सांडली.